दुर्मीळ वस्तू जवळच्या दुकानात आली की कळावे यासाठी: साठा तपासणारी छोटी स्क्रिप्ट

माझ्या वडिलांच्या श्रवणयंत्राला ६७५ क्रमांकाची बॅटरी लागते. श्रवणयंत्रांच्या बॅटऱ्या क्रमांकांनी आणि रंगांनी ओळखल्या जातात: १० क्रमांकाच्या पाकिटावर पिवळी खूण असते, ३१२ वर तपकिरी, १३ वर नारिंगी आणि ६७५ वर निळी. त्यांतील ६७५ ही जास्त शक्तीच्या, कानामागे बसणाऱ्या मोठ्या यंत्रांची बॅटरी असल्यामुळे तिचे गिऱ्हाईक कमी, म्हणून दुकानदारही ती मोजकीच ठेवतात आणि संपली की पुन्हा केव्हा येईल याचा नेम नसतो. एकदाच भरपूर घेऊन ठेवावी, तर तेही जमत नाही. ही बॅटरी झिंक-एअर प्रकारची असते. मागची चिकटपट्टी काढताच हवा आत शिरून रासायनिक क्रिया सुरू होते, आणि पट्टी न काढलेली पाकिटेसुद्धा काही वर्षांत निकामी होतात. त्यामुळे ठरावीक काळाने ताजी पाकिटे शोधणे ओघानेच आले. एका दुपारी चार दुकाने पालथी घालून मी रिकाम्या हाताने परतलो आणि ती सगळी संध्याकाळ वडील कोणाशीही न बोलता बसून राहिले, तेव्हा हे हेलपाटे थांबवायचे असे मी ठरवले.

त्यासाठी लिहिलेली पायथन भाषेतली स्क्रिप्ट शंभर ओळींच्या आतली आहे. ज्याला व्हेरिएबल, लूप आणि फंक्शन एवढे माहीत आहे, त्याला ती दोन-तीन संध्याकाळी बसून लिहिता येईल. ज्या दुकानांच्या अनेक शाखा आहेत आणि ज्यांच्या संकेतस्थळावर शाखेनुसार साठा दिसतो, त्यांच्याकडे मिळणाऱ्या कोणत्याही वस्तूला ही पद्धत लागू पडते. २०२१ ते २०२३ या काळात चिप्सच्या टंचाईमुळे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक मिळेनासा झाला होता, तेव्हा अधिकृत विक्रेत्यांचा साठा सतत तपासून एका जागी दाखवणारे आरपीआय-लोकेटर हे संकेतस्थळ अनेकांच्या उपयोगी पडले. आपल्याला करायचे आहे ते त्याच जातीचे काम आहे, पण फक्त एका घरापुरते. आणि त्या स्क्रिप्टकडून अपेक्षाही एकच ठेवावी: आज कोणत्या दुकानाला फोन करावा, एवढे तिने सांगावे. खरेदी, पैसे भरणे, वस्तू अडवून ठेवणे ही कामे तिच्याकडे देऊ नयेत. ती का देऊ नयेत हे पुढे येईलच.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट पाहून घ्यावी. बऱ्याच संकेतस्थळांवर ‘वस्तू आल्यावर कळवा’ असे बटण असते. ते शाखेनुसार काम करत असेल, तर स्क्रिप्टची गरजच नाही. ते बटण दाबावे आणि मोकळे व्हावे. परंतु ही सोय अनेकदा फक्त घरपोच विक्रीच्या साठ्याशी जोडलेली असते आणि शेजारच्या शाखेत पाच पाकिटे पडून असली तरी निरोप येत नाही. अशा वेळी स्क्रिप्टचा खरा उपयोग होतो. ज्या दुकानाचे संकेतस्थळच नाही, तिथे अर्थातच फोनला पर्याय नाही.

वस्तू नेमकी कोणती, हे आधी ठरवा

माझ्या स्क्रिप्टने दिलेली पहिली आनंदाची बातमी चुकीची निघाली. मी वस्तूच्या नावात ‘बॅटरी’ आणि ‘४४’ असे शब्द शोधत होतो, कारण ६७५ या बॅटरीचे आंतरराष्ट्रीय मानकातील नाव पीआर४४ असे आहे. दुकानात पोहोचल्यावर समोर आली ती एलआर४४. दोन्हींचा व्यास ११.६ मिलिमीटर आणि उंची ५.४ मिलिमीटर, म्हणजे आकाराने दोघी जुळ्या बहिणी. परंतु पीआर म्हणजे झिंक-एअर आणि एलआर म्हणजे अल्कलाइन. एलआर४४ श्रवणयंत्रात बसते, पण त्या कामासाठी ती बनवलेली नसते. नावातल्या एका अक्षराने माझी फेरी फुकट गेली.

म्हणून वस्तू नावाने शोधू नये. बारकोडखाली छापलेल्या आकड्याने शोधावी. जुने रिकामे पाकीट हाती असेल तर तो १३ अंकी आकडा त्यावरच सापडतो. दुकानाचा स्वतःचा वस्तू-क्रमांक वेगळा असतो आणि संकेतस्थळ आतून बहुधा तोच वापरते, पण शोधाच्या चौकटीत बारकोड टाकला की पुष्कळदा थेट ती वस्तू उघडते आणि तिच्या पानाच्या पत्त्यात दुकानाचा क्रमांक दिसतो. हे दोन्ही क्रमांक टिपून ठेवावेत. एकाच वस्तूचे चार नगांचे पाकीट, सहा नगांचे पाकीट आणि निर्यातीसाठीचे पाकीट अशा प्रत्येकाला निराळा बारकोड असू शकतो. त्यांतील जे जे चालेल ते सगळे यादीत घ्यावे.

बारकोडचा आकडा हाताने उतरवताना चूक होतेच, आणि ती पकडण्याची सोय त्या आकड्यातच असते. शेवटचा अंक हा तपासणीचा अंक असतो. उदाहरणार्थ, ४००६३८१३३३९३१ हा आकडा घेऊ. शेवटचा १ बाजूला ठेवून उरलेल्या बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे आणि बेरीज करायची: ४, ०, ०, १८, ३, २४, १, ९, ३, ९, ९, ९, म्हणजे एकूण ८९. या बेरजेच्या पुढचा दहाच्या पाढ्यातला आकडा ९०, आणि ९० मधून ८९ गेले की उरतो १. तोच शेवटचा अंक आहे, म्हणजे आकडा बरोबर उतरवला आहे. हे गणित स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तीन ओळींत लिहून टाकावे, म्हणजे चुकीच्या क्रमांकामागे आठवडा वाया जाणार नाही. क्रमांक साठवताना ते संख्या म्हणून न साठवता मजकूर म्हणून साठवावेत. नाहीतर ज्यांची सुरुवात शून्याने होते त्यांचे शून्य गळून पडते.

साठ्याचा आकडा पानामागे कुठे असतो

आता वस्तूचे पान ब्राउझरमध्ये उघडावे आणि एफ१२ ही कळ दाबावी. बाजूला किंवा खाली जी चौकट उघडते तिच्यात ‘नेटवर्क’ नावाचा विभाग असतो आणि त्यात ‘फेच/एक्सएचआर’ अशी चाळणी असते. ती चाळणी लावून पानावर शाखा निवडावी, किंवा शाखा आधीच निवडलेली असेल तर बदलून पाहावी. शाखा बदलताच यादीत एक-दोन नवे विनंत्यांचे पत्ते उमटतात. त्यांवर एकेक करून टिचकी मारली की सर्व्हरने दिलेले उत्तर दिसते. आपल्याला हवे ते उत्तर बहुधा जेसन या स्वरूपात (नोंदीचे नाव आणि तिच्यापुढे तिची माहिती, अशा जोड्यांत) असते आणि त्यात शाखेचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, शिल्लक नग आणि क्वचित तो आकडा केव्हाचा आहे ही वेळसुद्धा असते. पानावर नुसते ‘साठा मर्यादित’ असे लिहिलेले असताना मागच्या उत्तरात नेमका ‘२’ हा आकडा असतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

त्या विनंतीवर उजवी टिचकी मारून ‘कॉपी ॲज कर्ल’ हा पर्याय निवडला की तीच विनंती टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या खिडकीतून, पाठवता येण्याजोगी आज्ञा मिळते. कर्ल हे अशा विनंत्या पाठवणारे १९९८ पासूनचे साधन असून बहुतेक संगणकांवर ते आधीच असते. ही आज्ञा भलतीच लांब दिसते, कारण ब्राउझर विनंतीबरोबर कुकी आणि इतर वीस-पंचवीस गोष्टी जोडतो. त्यातली एकेक गोष्ट काढून आज्ञा पुन्हा चालवावी. बहुतेक गोष्टींची गरज नसते, हे लवकरच लक्षात येते. शेवटी पत्ता, वस्तूचा क्रमांक, शाखेचा क्रमांक आणि ब्राउझरने जोडलेली एखादी ओळ एवढेच उरले, तर काम सोपे आहे. हीच विनंती पायथनमधल्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीने (तयार फंक्शनांच्या संचाने) पाठवावी. उलट, लॉगिन केल्याशिवाय किंवा ‘मी यंत्रमानव नाही’ ही खूण केल्याशिवाय उत्तर येत नसेल, तर दुकानाने ते दार जाणूनबुजून लावलेले आहे असे समजावे आणि तिथेच थांबावे. अशी कुलपे उघडण्याच्या युक्त्या मिळतात, पण त्या वापरणे योग्य नाही, आणि बॅटरीच्या पाकिटासाठी तर मुळीच नाही.

वेगळी विनंती सापडली नाही, तर पानाच्या मूळ मजकुरातच शोधावे. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग हा सामाईक शब्दसंग्रह सुरू केला आणि आज पुष्कळ दुकाने वस्तूची माहिती त्या पद्धतीने पानात दडवून ठेवतात. त्यात ‘अव्हेलेबिलिटी’ नावाच्या नोंदीपुढे ‘इन स्टॉक’, ‘आउट ऑफ स्टॉक’, ‘इन स्टोअर ओन्ली’, ‘लिमिटेड अव्हेलेबिलिटी’ असे ठरलेले शब्द असतात. ही माहिती वाचायला सोपी आणि टिकाऊ असते, कारण पानाची सजावट बदलली तरी ती सहसा बदलत नाही. मात्र ती बहुतेक वेळा संपूर्ण दुकानाच्या ऑनलाइन साठ्याविषयी असते, तुमच्या शाखेविषयी नसते. एवढे ध्यानात ठेवूनच ती वापरावी.

पानावरचा दिसणारा मजकूर वाचणे हा शेवटचा मार्ग. ब्यूटिफुल सूप ही लायब्ररी त्यासाठी चांगली आहे, पण शब्द शोधताना फार जपावे. ‘उपलब्ध’ हा शब्द पानात आहे का, असे तपासले तर ‘उपलब्ध नाही’ या वाक्यातही तो सापडतो आणि स्क्रिप्ट आनंदाने होकार देते. इंग्रजी पानांवर तर ‘अव्हेलेबल’ हा शब्द ‘अनअव्हेलेबल’च्या पोटातच बसलेला असतो. गंमत अशी की ‘अनुपलब्ध’ या मराठी शब्दात मात्र ‘उपलब्ध’ सापडत नाही, कारण सुटा ‘उ’ आणि उकाराची मात्रा ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी अक्षरे आहेत. म्हणून नकाराची वाक्ये आधी तपासावीत, मग होकाराची, आणि दोन्ही न सापडल्यास होकार किंवा नकार गृहीत धरू नये.

तीन उत्तरे, दोन नव्हेत

या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडा वेळ थांबतो. साठा तपासणाऱ्या फंक्शनने ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. तिसरे उत्तर असलेच पाहिजे: ‘कळले नाही’. इंटरनेट बंद होते, सर्व्हरने चुकीचे पान दिले, जेसनमधल्या नोंदीचे नाव बदलले, शाखेचा क्रमांक बदलला, अशा प्रत्येक वेळी उत्तर ‘कळले नाही’ असे यायला हवे. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये कोणतीही अडचण आली की ‘नाही’ असे उत्तर धरले जाई. एका दुकानाने संकेतस्थळाची मांडणी बदलली आणि माझी स्क्रिप्ट नऊ दिवस मुकाट्याने ‘नाही, नाही’ म्हणत राहिली. त्या नऊ दिवसांत दोन शाखांत बॅटऱ्या येऊन संपल्याही होत्या, हे मला पुढे काउंटरवरच्या माणसाकडून कळले. घरी मात्र वडील टीव्हीचा आवाज वाढवत होते आणि मी निर्धास्त होतो, कारण संगणक लक्ष ठेवून आहे अशी माझी खात्री होती.

त्यानंतर मी दोन बंदोबस्त केले आणि ते प्रत्येकाने करावेत असे मला मनापासून वाटते. पहिला म्हणजे साक्षी वस्तू. त्याच दुकानात जी वस्तू जवळजवळ नेहमी असतेच, अशी एक वस्तू निवडावी आणि प्रत्येक फेरीत आधी तिचा साठा त्याच फंक्शनने विचारावा. ती ‘आहे’ अशी आली, तरच पुढच्या ‘नाही’ वर विश्वास ठेवावा; साक्षी वस्तूच सापडेनाशी झाली तर दोष बहुधा स्क्रिप्टमध्ये आहे. दुसरा बंदोबस्त म्हणजे रोज ठरलेल्या वेळी स्वतःला एक छोटा निरोप पाठवणे: काल किती वेळा विचारले, किती उत्तरे मिळाली, किती वेळा कळले नाही. हा निरोप एखाद्या सकाळी आला नाही, तर संगणकच बंद पडला आहे हेही आपोआप कळते.

याच संदर्भात रिक्वेस्ट्स लायब्ररीची एक खोड सांगायला हवी. टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत, स्वतःहून दिला नाही, तर ती उत्तराची वाट अमर्याद काळ पाहत बसते. सर्व्हरने जोडणी घेतली पण उत्तर दिले नाही, तर स्क्रिप्ट तिथेच खिळून राहते. चूकही दाखवत नाही आणि पुढेही जात नाही. प्रत्येक विनंतीला दहा सेकंदांचा टाइमआउट द्यावा आणि तो उलटला की ‘कळले नाही’ असे नोंदवून पुढच्या शाखेकडे वळावे.

किती वेळा विचारावे

दर मिनिटाला विचारले तर वस्तू लवकर सापडेल, असे पहिल्यांदा प्रत्येकालाच वाटते. हिशेब करून पाहू. बारा शाखा, दर मिनिटाला एक फेरी, दिवसाचे १,४४० मिनिट: रोज १७,२८० विनंत्या. हेच दुकाने उघडी असलेल्या बारा तासांत दर अर्ध्या तासाला विचारले, तर २८८ विनंत्या होतात. बॅटरी दुकानात येते ती मालाच्या गाडीने, आणि गाडी मिनिटामिनिटाला येत नाही. पुष्कळ ठिकाणी तर संकेतस्थळावरचा आकडासुद्धा ठरावीक अंतरानेच बदलतो. म्हणजे त्या जादा सोळा-सतरा हजार विनंत्यांनी आपल्याला काहीच नवे कळत नाही, फक्त दुकानाच्या सर्व्हरवर भार पडतो आणि आपला पत्ता संशयास्पद म्हणून नोंदला जातो.

दुकानाचे म्हणणे काय आहे, हेही आधी वाचावे. संकेतस्थळाच्या मूळ पत्त्यापुढे ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल असते. स्वयंचलित प्रोग्रॅमांनी कोणत्या भागात जाऊ नये हे तिच्यात लिहिण्याचा रिवाज मार्टिन कॉस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवला आणि २०२२ मध्ये तो आरएफसी ९३०९ या दस्तऐवजाने (इंटरनेटचे नियम अशा क्रमांकित दस्तऐवजांत प्रसिद्ध होतात) अधिकृत मानक झाला. पायथनमध्ये ही फाइल वाचणारा रोबोटपार्सर हा भाग सोबतच येतो. आपल्याला हव्या त्या पत्त्याला तिथे मनाई असेल, किंवा दुकानाच्या वापराच्या अटींत स्वयंचलित वाचनाला बंदी असेल, तर ती पाळावी. विनंतीसोबत जाणाऱ्या ‘यूझर-एजंट’ या ओळीत खोटे ब्राउझरचे नाव घालण्यापेक्षा ‘वैयक्तिक साठा-तपासणी’ अशा अर्थाचे शब्द इंग्रजी लिपीत आणि आपला ईमेल पत्ता लिहावा. कोणाला अडचण झालीच, तर त्याला आपल्याला थेट सांगता येते.

सर्व्हरच्या आकडी उत्तरांचा अर्थही स्क्रिप्टला समजला पाहिजे. २०० म्हणजे सर्व ठीक. ३०४ म्हणजे मागच्या वेळेपासून काही बदललेले नाही. ईटॅग नावाची खूण जपून परत पाठवली तर हे उत्तर मिळते आणि दोन्हीकडचा भार वाचतो. ४०४ आले तर वस्तूचे पान काढून टाकले असण्याची शक्यता आहे. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा विचारत आहात. त्यासोबत ‘रिट्राय-आफ्टर’ या ओळीत किती वेळ थांबायचे हे सांगितलेले असू शकते, आणि नसेल तर पहिल्यांदा तासभर, पुन्हा आले तर दोन तास, मग चार तास असे अंतर दुप्पट करत जावे. ५०३ ला हाच नियम लावावा. ४०३ म्हणजे मनाई. ती मिळाल्यावर दुसऱ्या मार्गाने आत शिरण्याचा प्रयत्न न करता त्या दुकानासाठी स्क्रिप्ट बंद करावी आणि फोन उचलावा.

सगळ्या शाखांना एकाच क्षणी विचारू नये; दोन विनंत्यांमध्ये पाच ते दहा सेकंद जाऊ द्यावेत. शाखांची यादीही आवरती ठेवावी. शाखेचे अक्षांश-रेखांश मिळत असतील, तर ६,३७१ किलोमीटर ही पृथ्वीची त्रिज्या धरून हॅवरसाइन या गोलावरच्या दोन बिंदूंमधले अंतर देणाऱ्या सूत्राने अंतर काढता येते, पण ते सरळ रेषेतले असते, मधल्या नदीचा किंवा रेल्वेमार्गाचा वळसा त्यात येत नाही. मी ते सूत्र लिहिले आणि आठवड्यात काढून टाकले. ज्या शाखांत मी खरोखर जाऊ शकतो अशा शाखांची यादी हाताने लिहिणे जास्त उपयोगी ठरले.

स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी चालवण्यासाठी लिनक्स आणि मॅकवर क्रॉन आहे, विंडोजवर टास्क शेड्यूलर. क्रॉनच्या एका ओळीत पाच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार, हे आकडे मात्र इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात. टर्मिनलमध्ये नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून चालत नाही अशी तक्रार नवख्यांकडून नेहमी येते, आणि तिचे कारण बहुधा एकच असते: क्रॉनला तुमचे नेहमीचे फोल्डर ठाऊक नसते. पायथनचा, स्क्रिप्टचा आणि तिच्या फाइलींचा पूर्ण मार्ग लिहिला की तक्रार मिटते.

निरोप केव्हा द्यावा, आणि वही का ठेवावी

स्क्रिप्टला कालची आठवण नसेल, तर वस्तू असेपर्यंत ती दर अर्ध्या तासाला तोच निरोप पाठवत राहील आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही तिचे निरोप वाचणे सोडून द्याल. म्हणून प्रत्येक शाखेची मागची स्थिती फाइलमध्ये लिहून ठेवावी आणि ‘नाही’ वरून ‘आहे’ असा बदल झाला तरच निरोप पाठवावा. ‘आहे’, मग ‘कळले नाही’, मग पुन्हा ‘आहे’ असे झाले तर तो बदल मानू नये. मागचे कळलेले उत्तर धरून चालावे. निरोपासाठी ईमेल पुरतो, टेलिग्रामचा बॉटही सोयीचा आहे. त्याची गुप्त किल्ली मात्र स्क्रिप्टमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी, म्हणजे स्क्रिप्ट कोणाला देताना ती चुकून जाणार नाही.

मागच्या स्थितीच्या फाइलबरोबरच एक वहीही ठेवावी, म्हणजे प्रत्येक तपासणीची एक ओळ असलेली साधी सीएसव्ही फाइल: वेळ, शाखा, उत्तर, नग. पायथनमध्ये ती उघडताना एन्कोडिंग म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ द्यावे, नाहीतर एक्सेलमध्ये देवनागरी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसतात. माझ्या वहीतला एक तुकडा असा आहे:

बुधवार, १८:३० – शाखा ४ – नाही – ०
गुरुवार, १०:३० – शाखा ४ – नाही – ०
गुरुवार, ११:०० – शाखा ४ – आहे – ६
गुरुवार, १७:३० – शाखा ४ – आहे – ३
शुक्रवार, १२:०० – शाखा ४ – आहे – १
पुढचा बुधवार, १८:३० – शाखा ४ – आहे – १

दीड महिन्याची वही चाळल्यावर दिसले की शाखा ४ मध्ये माल गुरुवारी सकाळी येतो आणि सहा पाकिटांहून जास्त कधीच येत नाही. हे कळल्यावर मी इतर दिवशी तिथे दिवसातून दोनदाच विचारू लागलो आणि गुरुवारी सकाळी मात्र अर्ध्या तासाने. वहीशिवाय हे कधीच लक्षात आले नसते.

आणि त्या तुकड्यातली शेवटची ओळ पाहावी. शुक्रवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत तिथे एक पाकीट तसेच आहे. इतकी मागणी असलेली वस्तू पाच दिवस कोणी उचलत नाही, याचा अर्थ ते पाकीट बहुधा फळीवर नाहीच. ते चोरीला गेले असेल, भलत्या फळीवर पडले असेल, फुटले म्हणून बाजूला ठेवले असेल, किंवा आलेला माल मोजतानाच चूक झाली असेल. संगणकातला आकडा मात्र कोणी हाताने दुरुस्त करेपर्यंत १ च राहतो. हा अपवाद नव्हे. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांनी एका मोठ्या विक्रेत्याच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३,७०,००० नोंदी तपासल्या होत्या, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार त्यांतल्या ६५ टक्के नोंदींत संगणकातला आकडा आणि प्रत्यक्ष माल जुळत नव्हता. चूक उलट्या दिशेनेही होते: काही दुकाने शेवटचे दोन-तीन नग ऑनलाइन दाखवतच नाहीत, कारण ते काउंटरवर येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखलेले असतात. म्हणजे ‘०’ दिसत असतानाही फळीवर वस्तू असू शकते.

म्हणून आकड्याला मी तीन पायऱ्यांत बसवतो. तीन किंवा जास्त नग आणि आकडा आजच वाढलेला असेल, तर लगेच निरोप येतो. एक-दोन नग असतील तर निरोपात ‘शंका’ असा शब्द जोडलेला असतो. एकच आकडा तीन दिवस जागचा हलला नाही, तर ती शाखा यादीत दिसते पण निरोप येत नाही. हे उंबरठे प्रत्येकाने आपल्या वस्तूप्रमाणे ठरवावेत. झपाट्याने खपणाऱ्या वस्तूसाठी एक दिवससुद्धा फार होतो.

खरेदी स्क्रिप्टकडे देऊ नये ती याचसाठी. जिथे आकडाच भरवशाचा नाही, तिथे यंत्राने केलेली नोंदणी दुसऱ्या दिवशी रद्द होते आणि मधल्या वेळात आपण दुसरीकडे शोधणे थांबवलेले असते. शिवाय वस्तू तुटवड्याची आहे, म्हणजे तिची वाट पाहणारे आणखी कोणी आहेत. ज्याला स्क्रिप्ट लिहिता येत नाही अशा कोणाच्या तरी कानाला तीच बॅटरी हवी आहे. सहा पाकिटे आली की सहाही यंत्राने उचलावीत, हे मला पटत नाही. मी दोन घेतो.

निरोप आला की दुकान उघडे आहे का ते पाहून फोन करावा आणि बारकोडचे शेवटचे चार अंक हाताशी ठेवावेत. ‘६७५ ची बॅटरी आहे का’ असे विचारल्यास पलीकडचा माणूस संगणकात पाहून ‘आहे’ म्हणतो, म्हणजे जो आकडा आपल्याला आधीच ठाऊक आहे तोच तो वाचून दाखवतो. त्याऐवजी ‘कृपया फळीवर जाऊन पाहता का, निळ्या पट्टीचे पाकीट आहे, बारकोडचे शेवटचे चार अंक मी सांगतो’ असे म्हणावे आणि फोन धरून ठेवावा. पाकीट त्याच्या हातात आले की ते आपल्या नावाने संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवायची विनंती करावी. नसेल, तर ‘संगणकात एक दाखवत आहे, तेवढे शून्य करून घ्याल का’ असेही सांगावे. शाखा ४ मधल्या मुलीने त्या बुधवारी ते केले, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझ्या वहीत तिच्या शाखेपुढे पुन्हा ६ हा आकडा उमटला.